छायाचित्रग्रंथाचें मोल

ग्रंथाची योग्यता त्याच्या किंमतीवरून ठरवूं नये, हें तत्त्व आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. आणि काव्य, कथा, तत्त्वज्ञान इत्यादि वाङ्मयापुरतें तें खरेंही आहे. ज्ञानेश्वरीची ओवी जाड्याभरड्या कागदावर छापली काय किंवा रेशमी बांधणीच्या प्रतींत छापली काय, तिच्या अर्थांत तिळमात्र फरक पडत नाहीं. परंतु छायाचित्रांच्या ग्रंथास हेंच तत्त्व लावूं गेलें असतां अडचण उत्पन्न होते. तेथें कागद, शाई, पानाचा आकार व बांधणी हींच पुष्कळ अंशीं ग्रंथाचा मजकूर असतात. छपाई बिघडली कीं चित्र बिघडलें, आणि चित्र बिघडलें कीं ग्रंथांत उरलें काय? म्हणून उत्तम छायाचित्रग्रंथ बहुधा महाग असतो, आणि त्याच्या महागपणाविषयीं व थाटामाटाविषयीं रसिकांत वाद चालू असतो.

ह्या वादांत दोन पक्ष दिसतात. पहिला पक्ष म्हणतो, प्रकाशकाला आपल्या मालाची किंमत ठरविण्याचा पूर्ण अधिकार आहे. ज्यास परवडेल तो घेईल, ज्यास परवडणार नाहीं तो सोडून देईल. चित्रांचा ग्रंथ म्हणजे कांहीं मीठ किंवा धान्य नव्हे, कीं तो न मिळाल्यानें कोणाचें अडावें. दुसरा पक्ष म्हणतो, छायाचित्राचा मुख्य गुणच हा, कीं एका मूळ फिल्मवरून त्याच्या हव्या तितक्या प्रती निघतात. असें असतां मुद्दाम थोड्याच प्रती काढावयाच्या, त्यांवर क्रमांक व सही घालावयाची, आणि त्या पेटींत बंद करून धनिकांच्या दिवाणखान्यांत पोंचवावयाच्या, हा कलेशीं व समाजाशीं द्रोह आहे. आमच्या मतें दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. पण 'किंमत' ह्या एका शब्दाखालीं दोघेही निरनिराळ्या गोष्टी एकत्र करितात. त्या आधीं वेगळ्या केल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट श्रमाची. काळ्यापांढऱ्या छायाचित्रांत दोनच रंग असतात असा सामान्य समज आहे. वस्तुतः त्या दोहोंमध्यें करड्या छटांच्या असंख्य पायऱ्या असतात, आणि छापखान्यांत पहिला बळी जातो तो ह्या पायऱ्यांचा. एकाच शाईनें साध्या कागदावर चित्र छापलें तर सावलीचा काळा डाग होतो, उजेडाच्या जागीं कोरा कागद राहतो, आणि झाडाखालीं बसलेल्या माणसाचे डोळे कोठें आहेत हें शोधावें लागतें. हें टाळण्यासाठीं कुशल मुद्रक एकाच चित्राच्या दोन किंवा तीन प्लेटी करितो, एकीस गडद काळी व दुसरीस करडी शाई लावितो, आणि केसाइतकेंही अंतर पडूं नये अशा बेतानें त्या एकावर एक छापतो. शाई शोषून न घेणारा कागद निवडावा लागतो. मागच्या पानावरचें चित्र पुढें दिसूं नये म्हणून तो जाडही लागतो. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलें चित्र मधल्या घडींत गडप होऊं नये म्हणून फर्मे नुसते चिकटवून भागत नाहीं. ते दोऱ्यानें शिवावे लागतात. छायाचित्रकारानें प्रुफें नापसंत केलीं कीं पुन्हां आरंभापासून सुरुवात! हा पूर्वतयारीचा सर्व खर्च पांचशें प्रतींस जितका, पन्नास हजार प्रतींसही जवळजवळ तितकाच येतो; आणि असल्या ग्रंथांस गिऱ्हाईक तर थोडें. त्यांत जड ग्रंथाचा वाहतुकीचा खर्च व विक्रेत्याचें कमिशन मिळविलें म्हणजे ग्रंथाची किंमत कादंबरीच्या कितीतरी पट कां होते हें सहज समजतें. तीस लुबाडणूक म्हणणें अन्यायाचें होईल.

हा महागपणा आजकालचाही नाहीं. इंग्लंडांत हेन्री फॉक्स टॅल्बट यानें 'द पेन्सिल ऑफ नेचर' हा ग्रंथ १८४४ ते १८४६ ह्या काळांत सहा भागांनीं प्रसिद्ध केला. विक्रीसाठीं काढलेल्या छायाचित्रग्रंथांपैकीं तो अगदीं आरंभीचा होय. त्यांत २४ चित्रें होतीं, आणि प्रत्येक प्रतींतलें प्रत्येक चित्र सूर्यप्रकाशांत उमटवून हातानें चिकटविलेलें होतें. असा ग्रंथ स्वस्त कसा असणार? परंतु श्रमाच्या ह्या किंमतीचा विशेष असा आहे, कीं तिचा मोबदला वाचकास पानावर मिळतो. सावलींतले डोळे दिसतात, धुक्यांतलें झाड धुक्यांतच राहतें. पैसे कोठें गेले हें ग्रंथ उघडतांच कळतें.

दुसरी गोष्ट दुर्मिळतेची, आणि ही मात्र पानावर दिसत नाहीं. टाशेन ह्या जर्मन प्रकाशनसंस्थेनें १९९९ सालीं हेल्मुट न्यूटन ह्या छायाचित्रकाराचा 'सुमो' नांवाचा ग्रंथ काढला. सत्तर सेंटिमीटर उंच, पन्नास सेंटिमीटर रुंद, ४६४ पानें, आणि वजन सुमारें तीस किलो! आपल्याकडे पोथीस ठवणी असते तशी त्याच्यासाठीं एक धातूची ठवणी फिलिप स्टार्क ह्या नामांकित कारागिराकडून मुद्दाम आंखून घेतली होती. प्रती दहा हजार, आणि प्रत्येकीवर क्रमांक व न्यूटनची सही. पहिल्या क्रमांकाच्या प्रतीवर ग्रंथांत चित्रित झालेल्या अनेक प्रसिद्ध व्यक्तींच्याही सह्या होत्या. ती २००० सालीं बर्लिन येथील लिलावांत ६,२०,००० मार्कांस गेली. पुढें २००९ सालीं त्याच ग्रंथाची आकारानें लहान व पुष्कळ स्वस्त अशी आवृत्ति त्याच प्रकाशकानें काढली. तेव्हां पहिल्या गिऱ्हाइकानें जादा पैसे कशाचे दिले? कांहीं पानाच्या विस्ताराचे दिले, हें खरें. पण बाकीचे 'हें माझ्यापाशीं आहे व बहुतेकांपाशीं नाहीं' ह्या समाधानाचे दिले.

ह्यास पाप म्हणावें काय? आम्ही म्हणणार नाहीं. हौसेला मोल नसतें, ही म्हण आपल्याच घरची आहे. शालूवर व पैठणीवर खर्च करणाऱ्या समाजानें दुसऱ्याच्या हौसेस नांवें ठेवूं नयेत. शिवाय न्यूटनचीं चित्रें बहुतांशीं फॅशनच्या व्यवसायांतलीं व नामांकित मंडळींचीं. ज्यांचीं तीं चित्रें त्यांनीं तीं जाणूनबुजून काढून घेतलीं, आणि त्यांतून त्यांस पैसा किंवा कीर्ति मिळाली. येथें कोणाचें देणें बुडालेलें नाहीं. फार तर अभिरुचीचा प्रश्न उरतो: जो ग्रंथ मांडीवर घेतां येत नाहीं तो ग्रंथ राहतो कीं दिवाणखान्यांतलें सामान होतो? पण अभिरुचीचा प्रश्न व नीतीचा प्रश्न हे एक नव्हेत.

नीतीचा प्रश्न उद्भवतो तो तिसऱ्या गोष्टीपासून, आणि वादांत तिचा उल्लेख क्वचितच होतो. आपल्या परंपरेनें मनुष्यावर देव, ऋषि व पितर ह्यांचें ऋण जन्मतःच मानलें आहे. छायाचित्रकारावर ह्यांशिवाय आणखी एक ऋण असतें, तें म्हणजे ज्याचें चित्र त्यानें घेतलें त्याचें. चित्रकार माणूस कल्पनेनें रंगवूं शकतो. छायाचित्रकारास समोर खरा माणूस लागतो. त्या माणसाचा चेहरा, त्याचें घर, त्याचा घाम, कधीं कधीं त्याची भूक, ह्यांवांचून छायाचित्र होत नाहीं. जेथें माणूस स्वखुषीनें व मोबदला घेऊन कॅमेऱ्यापुढें आला तेथें हें ऋण फिटल्यासारखेंच आहे. जेथें तो गरीब, पराधीन, किंवा नकार देण्यास असमर्थ होता, तेथें तें मोठें आहे. ग्रंथाच्या किंमतीचा व मांडणीचा नैतिक प्रश्न ह्या ऋणाच्या प्रमाणांत लहान किंवा मोठा होतो, असें आमचें मत आहे.

ह्याचें ठळक उदाहरण अमेरिकेंतील एडवर्ड कर्टिस ह्याच्या 'द नॉर्थ अमेरिकन इंडियन' ह्या ग्रंथाचें. १९०७ ते १९३० पर्यंत त्याचे वीस खंड निघाले, व प्रत्येक खंडाबरोबर मोठ्या चित्रांचा एक स्वतंत्र संच होता. धनाढ्य सावकार जे. पी. मॉर्गन ह्यानें १९०६ सालीं ७५,००० डॉलर देऊं केले. थिओडोर रूझवेल्ट ह्यानें अध्यक्षपदावर असतांना प्रस्तावना लिहिली. कागद उंची, बांधणी कातड्याची, चित्रें ताम्रपटांवरून छापलेलीं. आणि संपूर्ण ग्रंथाची वर्गणी आरंभीं ३,००० डॉलर! पांचशें संच काढण्याचा संकल्प होता. तीनशेंही पुरे झाले नाहींत. कर्टिसला ह्या कामाचें वेतन नव्हतें. त्यानें आपलें आयुष्य त्यांत वेंचलें. आणि शेवटीं १९३५ सालीं न विकलेले संच, हजारों सुटीं चित्रें व ताम्रपट हें सर्व बोस्टनच्या एका पुस्तकविक्रेत्यास १,००० डॉलर व विक्रीचा कांहीं हिस्सा एवढ्यावर देऊन टाकण्यांत आलें.

कर्टिसच्या त्यागाविषयीं आमच्या मनांत आदर आहे. परंतु ज्या जमातींचे हे वीस खंड, त्या जमातींतील किती घरांत त्यांतलें एक पान तरी गेलें असेल? तीन हजार डॉलरांचा ग्रंथ धनिकांच्या घरीं व मोठ्या ग्रंथालयांत गेला; ज्यांचे चेहरे त्यांत होते ते आपापल्या राखीव प्रदेशांत दारिद्र्यांत राहिले. आणि गोष्ट एवढ्यावर संपत नाहीं. पीगन जमातीच्या तंबूंत बसलेल्या दोन पुरुषांचें एक चित्र ह्या ग्रंथांत आहे. मूळ काचेवर त्या दोघांच्या मधोमध एक घड्याळ दिसतें. ग्रंथांतल्या चित्रांतून तें पुसून टाकलेलें आहे. लयास चाललेल्या एका पुरातन जगाचें दर्शन घडवावें, ही सबंध ग्रंथाची प्रतिज्ञा. त्या जगांत घड्याळ बसत नव्हतें. त्या कुटुंबास मात्र तें घड्याळ हवें होतें, म्हणूनच तें तेथें होतें. हा ग्रंथ त्यांच्याविषयीं होता, पण त्यांच्यासाठीं नव्हता. आणि ग्रंथ कोणासाठीं आहे ह्यावरून त्यांत काय ठेवावयाचें व काय पुसावयाचें हें ठरतें. किंमत व मांडणी ह्यांचा संबंध तो हाच.

आपल्याकडेही निराळें घडलें नाहीं. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालींच स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. म्हणजे ही कला येथील लोकांस अपरिचित होती असें नाहीं. तथापि मुंबईच्या निरनिराळ्या जातिजमातींचीं चित्रें असलेला विल्यम जॉन्सन ह्याचा ग्रंथ १८६३ व १८६६ सालीं दोन भागांनीं लंडन येथें प्रसिद्ध झाला. त्यांतील कित्येक चित्रांत माणसें एका ठिकाणीं टिपलेलीं व मागचा देखावा दुसऱ्याच ठिकाणचा, असा सांधा केलेला आहे. पुढें १८६८ ते १८७५ ह्या काळांत सरकारच्या आश्रयानें 'द पीपल ऑफ इंडिया' ह्या नांवाचे आठ खंड निघाले. त्यांच्या प्रती अवघ्या दोनशें, आणि त्यांपैकीं निम्म्या सरकारी कामासाठीं. हिंदुस्थानच्या लोकांचा ग्रंथ हिंदुस्थानच्या लोकांनीं पाहावा ही कल्पनाच त्या योजनेंत नव्हती.

ह्यावर पूर्वपक्षाचें एक बळकट उत्तर आहे. मॉर्गनचा पैसा व धनिकांची वर्गणी नसती तर कर्टिसचें काम झालेंच नसतें. आणि काम झालें नसतें तर त्या जमातींच्या नातवंडांस आज आपल्या पूर्वजांचें दर्शनही झालें नसतें. हें उत्तर आम्हांस मान्य आहे. आज ते वीसही खंड अमेरिकेंतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानें इंटरनेटवर सर्वांस मोकळे केले आहेत. महागड्या ग्रंथांत जें जतन झालें तेंच आज फुकट पाहावयास मिळतें. परंतु ह्या उत्तरानें सिद्ध काय होतें? पहिली आवृत्ति महाग असणें क्षम्य आहे, इतकेंच. दुसरी, स्वस्त आवृत्ति चित्रांतलीं माणसें हयात असतांना निघूं नये, हें त्यानें सिद्ध होत नाहीं. ऋण उशिरा फिटलें तरी फिटलें हें खरें. पण ज्याचें देणें तो त्या वेळीं घरीं नव्हता.

अलीकडील काळांत हा प्रश्न सेबास्तियाव साल्गादो ह्या ब्राझीलच्या छायाचित्रकाराच्या निमित्तानें पुन्हां पुढें आला. साल्गादो मूळचा अर्थशास्त्रज्ञ. २०२५ सालीं तो वारला. ब्राझीलमधील सेरा पेलादा येथील सोन्याच्या खाणींत चिखलानें माखलेले हजारों मजूर पाठीवर पोतीं घेऊन शिड्या चढत आहेत, हीं त्याचीं १९८६ सालचीं चित्रें जगप्रसिद्ध आहेत. तीं इतकीं सुंदर आहेत, कीं तें सौंदर्यच कांहींस खटकलें. दुःखास असा सौंदर्याचा साज चढविला म्हणजे पाहणाराच्या मनांत कौतुक उपजतें, कृति उपजत नाहीं, अशा अर्थाची टीका इन्ग्रिड सिशी ह्या लेखिकेनें १९९१ सालीं 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकांत केली. आम्हांस ही टीका अर्धीच पटते. कुरूप चित्रानें मजुराचा मान वाढतो असें थोडेंच आहे? मजुराकडे राजाकडे पाहावें तशा नजरेनें पाहणें हाही ऋण फेडण्याचा एक मार्ग आहे. मात्र तो मान किती लोकांच्या डोळ्यांपुढें दिला जातो, हा प्रश्न उरतोच.

साल्गादोच्या 'जेनेसिस' ह्या २०१३ सालच्या ग्रंथांत ह्या प्रश्नाची एक व्यावहारिक तोड दिसते. त्याची एक प्रचंड आवृत्ति संग्राहकांसाठीं मोजक्याच प्रतींची निघाली. तिला तादाओ आंदो ह्या जपानी वास्तुशिल्पकारानें आंखलेली लाकडी ठवणी होती. त्याच वेळीं ५२० पानांची दुसरी आवृत्ति सुमारें पन्नास युरोंस निघाली. पन्नास युरो आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबास थोडे नव्हेत. पण वाचनालयास ते जड नाहींत, आणि ह्या आवृत्तींतील छपाई हेळसांडीची नाहीं. धनिकाची हौस त्याच्या वाटेनें गेली, आणि वाचकाचा मार्ग अडला नाहीं. अशा ठिकाणीं पहिल्या पक्षाशीं भांडण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.

आतां दुसऱ्या पक्षासही एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्वस्तपणा म्हणजेच सद्गुण, असें नाहीं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत एडवर्ड स्टायकेन ह्यानें १९५५ सालीं 'द फॅमिली ऑफ मॅन' हें प्रदर्शन भरविलें; ६८ देशांतील ५०३ चित्रें त्यांत होतीं. त्याचा ग्रंथ एका डॉलरास निघाला, आणि लाखों घरांत गेला. ही थोर कामगिरी होय. पण त्यांत शेंकडों छायाचित्रकारांचीं चित्रें एकाच संपादकाच्या कल्पनेंत ओवलेलीं. दुष्काळांतली आई व सुखवस्तु घरांतली आई शेजारीं शेजारीं येऊन 'सर्व माणसें एकच' एवढेंच म्हणूं लागतात, आणि दुष्काळ कोणामुळें पडला हा प्रश्न मागें पडतो. म्हणजे एका डॉलराचा ग्रंथही माणसाचें ऋण अर्धवट फेडूं शकतो.

मांडणीनें अर्थ किती बदलतो ह्याचें त्याहून बोलकें उदाहरण रॉबर्ट फ्रँक ह्याच्या अमेरिकेवरील ग्रंथाचें. १९५८ सालीं तो पॅरिसमध्यें रोबेर देल्पीर ह्यानें प्रथम काढला, तेव्हां चित्रांसमोरच्या पानांवर अमेरिकेविषयींचे निरनिराळ्या लेखकांचे उतारे होते. त्यामुळें चित्रें त्या मजकुराचे दाखले बनलीं. पुढच्या वर्षीं न्यूयॉर्कच्या ग्रोव्ह प्रेसनें 'द अमेरिकन्स' ह्या नांवानें तीच ८३ चित्रें काढलीं, आरंभीं जॅक केरुआक ह्याची प्रस्तावना घातली, आणि डावीं पानें कोरीं ठेविलीं. कोऱ्या पानास खर्च काय तो कागदाचा. पण त्या कोरेपणानें चित्रास स्वतःचें बोलूं दिलें. पुढें त्याच पहिल्या आवृत्तींच्या प्रती संग्राहकांच्या बाजारांत हजारों डॉलरांस विकल्या जाऊं लागल्या, आणि फ्रँकचीं मूळ छायाचित्रें इतकीं मौल्यवान झालीं कीं त्यांचा विमा उतरून तीं गांवोगांव नेणें दुष्कर झालें. तेव्हां वृद्धापकाळीं त्यानें व गेर्हार्ड श्टायडल ह्या जर्मन मुद्रकानें २०१४ पासून एक निराळाच उपक्रम केला. चित्रें वर्तमानपत्राच्या कागदाच्या लांब पट्ट्यांवर छापून भिंतींवर चौकटीवांचून लाविलीं, प्रदर्शन संपलें कीं नष्ट केलीं, आणि प्रदर्शनाची सूचि एका जर्मन दैनिकाच्या अंकासारखी छापली. त्या कागदावर करड्या छटांच्या सर्व पायऱ्या टिकल्या नसतील. पण तीं चित्रें जेथें नेतां येत नव्हतीं तेथें गेलीं. उत्तम छपाईचा हाच मुद्रक, आणि साध्या कागदाचें सामर्थ्य ओळखणाराही हाच.

पेटी व सजावट ह्यांविषयींही असाच विवेक हवा. दयानिता सिंह ह्या आपल्याकडील छायाचित्रकर्त्रीच्या 'सेंट अ लेटर' (२००८) ह्या ग्रंथांत एका लहान पेटींत सात चिमुकल्या घडीच्या पुस्तिका आहेत. उलगडून मेजावर उभ्या केल्या कीं घरांतल्या घरांत प्रदर्शन भरतें. 'म्यूझियम भवन' (२०१७) हा त्याच कल्पनेचा विस्तार होय. असा ग्रंथ चहाच्या पुस्तकाइतका स्वस्त नसतो, आणि पेटी तर त्यालाही आहे. परंतु ही पेटी उघडण्यासाठीं आहे; तिच्यावांचून ग्रंथाची कल्पनाच पुरी होत नाहीं. उलट, कित्येक पेट्या ग्रंथ कोणीं उघडूं नये म्हणून असतात. आंतलें प्लॅस्टिकचें वेष्टन फाडलें कीं किंमत उतरते, म्हणून मालक स्वतःही तो पाहत नाहीं. सजावटीची योग्यता ओळखावयाची तर एकच पाहावें: ती हाताला पानापर्यंत नेते, कीं पानापासून दूर ठेविते?

कोणी म्हणेल, आज प्रत्येकाच्या खिशांतल्या फोनवर जगांतलीं चित्रें फुकट दिसतात; मग ग्रंथाच्या किंमतीचा हा खल कशाला? परंतु फोनवर चित्र बोटाच्या एका हालचालीनें निघून जातें. ग्रंथांत कोणत्या चित्रामागून कोणतें यावें, कोठें थांबावें, कोणतें पान कोरें असावें, हें कोणीतरी विचारपूर्वक ठरविलेलें असतें. आणि दहा वर्षांनीं उघडला तरी तो क्रम तसाच असतो. आईच्या शेजारीं बसून मुलानें एकेक पान उलटावें, हें ग्रंथापाशीं अजून घडतें.

म्हणून ह्या प्रकरणीं कर्तव्य केवळ प्रकाशकांचें नाहीं. एका कुटुंबास जो ग्रंथ जड, तो शंभर कुटुंबांच्या वाचनालयास जड नसतो. परंतु कित्येक ग्रंथालयांत असे ग्रंथ काचेच्या कपाटांत कुलूपबंद असतात. सभासदानें मागितले तर 'चित्रें खराब होतील' असें उत्तर मिळतें. खराब होतील हें खरें आहे. पण हाताळून झिजलेला ग्रंथ आपलें काम करून झिजलेला असतो. कपाटांत वाळवीनें खाल्लेल्या ग्रंथाविषयीं तेंही म्हणतां येत नाहीं. आठवड्यांतून एक दिवस तरी ते ग्रंथ मेजावर काढून ठेवावे, स्वच्छ हातांनीं कोणासही पाहूं द्यावे, अशी आमची वाचनालयांच्या चालकांस विनंति आहे.

सारांश, श्रमाची किंमत वाचकानें आनंदानें द्यावी, कारण तिच्यांतून मुद्रकाचें, बांधणाराचें व छायाचित्रकाराचें पोट चालतें. दुर्मिळतेची किंमत ज्यास हौस असेल त्यानें द्यावी. तिच्यावर रागावण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या ग्रंथांत दुसऱ्याचें दारिद्र्य, श्रम किंवा पराधीनता छापलेली आहे, त्याची एक तरी आवृत्ति अशी असलीच पाहिजे, कीं चित्रांतल्या माणसाच्या मुलानें वाचनालयांत जाऊन ती मागावी आणि ती त्याच्या हातीं पडावी. तशी आवृत्ति नसेल, तर तो ग्रंथ कितीही सुंदर असला तरी त्याचा एक हिशेब अपुरा राहिला आहे, असें आम्हांस वाटतें.